वेगळे करण्याची विद्या



  घरोघरच्या सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण यंत्राने आपण होऊन करावे, ही कल्पना आता कल्पना राहिलेली नाही. अशी यंत्रे अस्तित्वात आहेत, चालत आहेत, आणि आज ना उद्या आपल्या शहरांच्या अंदाजपत्रकांतही त्यांच्यासाठी तरतूद मागितली जाईल. ती मागितली जाण्यापूर्वी करदात्या नागरिकाने त्यांच्याविषयी काही निश्चित मत बनवून ठेवावे, एवढ्याच हेतूने मी हा विषय निवडला.

प्रथम हे यंत्र करते तरी काय ते पाहू; कारण ज्या वस्तूची रचना आपण समजून घेतली नाही, तिची स्तुती आणि तिचा धिक्कार दोन्ही सारखेच निरुपयोगी असतात. सुका कचरा एका सरकत्या पट्ट्यावर पसरला जातो. आरंभी छिद्रांच्या फिरत्या पिंपातून माती, खडे आणि बारीक चुरा गळून पडतो. पट्ट्यावर टांगलेले चुंबक लोखंड व पत्र्याचे डबे उचलून घेते. पुढे वेगाने फिरणाऱ्या चुंबकचक्रामुळे ॲल्युमिनियमच्या तुकड्यात विद्युत्प्रवाहाचे भोवरे उत्पन्न होतात आणि तो तुकडा उसळून पलीकडच्या खणात जाऊन पडतो. इथवरची युक्ती शालेय पदार्थविज्ञानाच्या आवाक्यातली आहे. खरी कसोटी लागते ती प्लास्टिकपाशी. डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एक पेट या जातीची आणि दुसरी पीव्हीसीची. त्यांच्यावर निकट-अवरक्त प्रकाश, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, मानवी नेत्रास अगोचर असा प्रकाश टाकला, तर प्रत्येक जातीचे रेणू त्यातील आपापल्या ठराविक तरंगलांबी शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश परत पाठवतात. परत आलेल्या प्रकाशाची ही खूण टिपून यंत्र क्षणाच्या अंशात निर्णय करते आणि पट्ट्याच्या टोकाशी बसवलेल्या नळीतून हवेचा झोत सोडून त्या बाटलीला तिच्या खणात लोटते. हा भेद करणे अगत्याचे आहे, कारण पेटच्या घाण्यात पीव्हीसीचा अल्पसा अंश जरी मिसळला, तरी तापवताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि सगळा माल पिवळा पडून निकामी होतो.

प्रकाशाने पारख करणारी ही यंत्रे युरोपात गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. बाटल्या परत घेणारी यंत्रे करण्यासाठी १९७२ साली नॉर्वेत स्थापन झालेली टोमरा ही कंपनी आज या क्षेत्रातील अग्रगण्य गणली जाते. त्यानंतर कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जोड मिळाली. फिनलंडमधील झेनरोबोटिक्सने आणि पुढे अमेरिकेतील एएमपी रोबोटिक्सने पट्ट्यावरची वस्तू पाहून, ओळखून, चोषकाने उचलून घेणारे यांत्रिक हात तयार केले. असा हात मिनिटाला ऐंशीपर्यंत वस्तू उचलतो आणि माणसाचा हात तीस-चाळीस, असा त्यांच्या निर्मात्यांचा दावा असतो. आपल्या देशातही अहमदाबादेत अशी यंत्रे बनतात, आणि ज्या इंदूरशी मराठी माणसाचे होळकरांच्या काळापासून नाते आहे, त्या शहराने सुक्या कचऱ्याचे यांत्रिक वर्गीकरण करणारे मोठे केंद्र चालवून दाखवले आहे. तेव्हा हे साधेल की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणत्या अटींवर साधेल, एवढाच प्रश्न आहे, आणि माझे सारे म्हणणे त्या अटींविषयी आहे.

यंत्राला ओळखायला शिकवतात कसे, याचे एक उदाहरण मला फार बोधक वाटते. २०१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी कचऱ्याच्या छायाचित्रांचा एक संग्रह सिद्ध केला, तो ट्रॅशनेट या नावाने जगभरच्या अभ्यासकांनी वापरला. त्यात २५२७ छायाचित्रे आहेत आणि वर्ग सहा: काच, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू आणि उरलेला केर. कागदाची चित्रे ५९४ आणि केराची अवघी १३७. प्रत्येक वस्तू पांढऱ्या पाटीवर एकटी, स्वच्छ आणि भरपूर उजेडात ठेवून टिपलेली आहे. अभ्यासाच्या आरंभासाठी हे योग्यच होते, आणि त्या विद्यार्थ्यांच्या श्रमांविषयी मला आदर आहे. पण आपल्या घरच्या डब्यातून निघणारी वस्तू या चित्रांतल्यासारखी नसते. दुधाच्या रिकाम्या पिशवीत चहाचा चोथा भरलेला असतो, वर्तमानपत्रात कांद्याची साले गुंडाळलेली असतात, बिस्किटांच्या पुड्यावर आमटीचा ओघळ असतो, आणि या सगळ्याला गाठ मारून एकाच काळ्या पिशवीत कोंबलेले असते. पांढऱ्या पाटीवर शिकलेल्या यंत्रापुढे ही गाठ ठेवली, तर त्याला ती केवळ एक काळी पिशवी दिसते.

आता या गोष्टीचे शास्त्रीय कारण सांगतो, कारण माझ्या प्रतिपादनाचा कणा तेच आहे. पाणी हे निकट-अवरक्त प्रकाशाचे मोठे शोषक आहे. १४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश ते विशेष जोमाने पिऊन टाकते, आणि प्लास्टिकची ओळख पटवणाऱ्या काही खुणा याच परिसरात असतात. म्हणून वस्तू ओली किंवा खरकटी असली, की तिच्यावरून परत येणारी खूण पुसट होते. काजळी मिसळून काळे केलेले प्लास्टिक तर जवळजवळ सगळाच प्रकाश गिळते आणि यंत्राला दिसतच नाही. वेफर, बिस्किटे, शाम्पू यांची चकचकीत वेष्टने कितीतरी पदरांची असतात. यंत्राला त्यांचा वरचा पदर तेवढा कळतो. याचा अर्थ असा की आपण ज्याला यंत्राची बुद्धी म्हणतो, तिचा पहिला अंश कारखान्यात उत्पन्न होत नसून स्वयंपाकघरात होतो. जिथे ओले आणि सुके एकमेकांस लागू दिले गेले नाही, तिथेच यंत्राला दृष्टी असते, आणि जिथे ते एकदा कालवले गेले, तिथे कोट्यवधींचे यंत्र आणि आंधळा माणूस यांच्यात फारसे अंतर राहत नाही. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. कोरड्या वेष्टनांनी भरलेल्या युरोपीय डब्यासाठी घडवलेली योजना जशीच्या तशी इथे आणणाऱ्याने हे एक प्रमाण तरी रोज सकाळी डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आपल्या तीन शहरांत तर ओलेपणाला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे नद्या आणि त्यांचे पूर. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत-नेरळवरून आपल्यापाशी येते, इथल्या बॅरेजवर तिचे पाणी उचलून बदलापूर-अंबरनाथच्या नळांना दिले जाते, आणि पुढे कल्याणवरून ती वसईच्या खाडीस मिळते. काकोळ्याच्या बाजूने येणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरातून जाताना तिची जी दशा होते, ती मी या सभेत वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस ही आगगाडी बदलापूरजवळच्या वांगणीपाशी पुरात अडकून तिच्यातल्या हजारावर प्रवाशांना होड्यांतून सोडवावे लागले. नदीचे पाणी उंबरठा ओलांडून आत येते तेव्हा घराचे काय होते, हे आपल्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला कोणी शिकवायला नको. पूर ओसरल्यावर रस्त्याकडेला जो ढीग लागतो, गाद्या, वह्या, पुठ्ठे, धान्य, औषधे, बॅटऱ्या आणि चिखल यांचा, तो पृथ्वीवरचे कोणतेही यंत्र वेगळा करू शकणार नाही. २००५ च्या पुरात नाले तुंबण्यास पातळ पिशव्या कारण झाल्याचे सर्वांनी पाहिले, २००६ साली राज्याने त्यांवर निर्बंध घातले, आणि पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी अधिक व्यापक केली. कायदा पुरामागून आला. घरातल्या घरात वेगळे करण्याची सवय मात्र कायद्यामागूनही पुरती आली नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देण्याचे कर्तव्य प्रत्येक घरावर टाकले. ते पाळणाऱ्या गृहिणीची एक तक्रार मी गावोगाव ऐकली आहे: आम्ही दोन डबे देतो, पण घंटागाडीत दोन्ही एकत्र होतात. ही तक्रार खरी आहे तिथे दोष गृहिणीचा नव्हे, आणि गाडीवरच्या कामगाराचाही बहुधा नव्हे. वाहून नेलेल्या वजनावर मक्तेदाराला मोबदला द्यायचा असे करारात लिहिले, की ओला, जड, कालवलेला कचरा हाच त्याचा नफा होतो.

यंत्राचा विचार करताना आपण एका ज्ञानाचा हिशेब धरीत नाही, आणि माझ्या मते तो धरला नाही तर सगळा जमाखर्च चुकतो. ही पारख आज आपल्या मुलखात लाखो माणसे हाताने करतात. भंगाराच्या दुकानात किंवा धारावीच्या तेरा कंपाउंडात बसलेल्या एखाद्या बाईला एक तुकडा द्या. ती तो बोटांत वाकवील, नखाने ओरखडा काढील, आपटून त्याचा आवाज ऐकेल, आणि तरीही शंका राहिली तर कडा पेटवून धुराचा वास घेईल. पाण्यात टाकले तर तरंगते ते पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, बुडते ते पेट किंवा पीव्हीसी, हे घनतेचे शास्त्र तिला पुस्तकाविना अवगत असते. तिच्या बोलीत कडक वेगळा, फुगा वेगळा, दुधाची पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा आणि रद्दी वेगळी; स्टॅनफर्डच्या संग्रहातील सहा वर्ग तिच्या लेखी बाल्यावस्थेतले ठरतील. काळे प्लास्टिक, ज्याच्यापुढे यंत्राची दृष्टी हरते, तेही ती आवाजावरून ओळखते. उद्या आपल्या कचऱ्यासाठी यंत्राला शिकवायचे झाले, तर लाखो चित्रांवर हे काय आहे ते लिहून देणारा कोणीतरी लागेल, आणि तो अधिकार सर्वांत आधी या बाईचा आहे. धुरात श्वास घेत, जखमी बोटांनी, उन्हात बसून तिने ही विद्या चालवावी, असे मी क्षणभरही म्हणत नाही. सुया, फुटक्या काचा, कागदात गुंडाळलेले सॅनिटरी पॅड यांच्यापासून तिचा हात दूर राहील, तो धूर तिच्या फुप्फुसात जाणार नाही, एवढ्यासाठी यंत्र यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु तिचे ज्ञान यंत्रात उतरवून घ्यायचे आणि तिला फाटकाबाहेर उभी करायची, हा व्यवहार मला अन्याय्य वाटतो.

आणि इथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. यंत्राचे आपल्याला जे एवढे आकर्षण वाटते, त्यात केवळ विज्ञाननिष्ठा नाही. घाणीला हात लावणे हे दुसऱ्या कुणाचे तरी, जन्माने ठरलेले काम आहे, या जुन्या समजुतीला यंत्रामुळे एक सभ्य आश्रय मिळतो. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ते ब्राह्मण आहेत या कारणाने ते काम त्यांना नाकारले गेले. त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. सरकारच्या दप्तरात जातीनिहाय कामाची वाटणी होती आणि एक माणूस ती वाटणी मोडण्यासाठी उपाशी राहिला, हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात जितका ठळक असायला हवा तितका नाही. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे आणि केराचे खत करण्याचे प्रयोग केले. त्यांना यंत्राचे वावडे नव्हते. सोपे, सर्वांना चालवता येईल असे संडास त्यांनी स्वतः योजले. त्यांचा आग्रह एवढाच होता की आपली घाण ही आपली जबाबदारी. डबा वेगळा करण्याचे काम यंत्रावर ढकलताना आपण हाच आग्रह सोडून देत असतो.

वेगळे करण्याचा हुकूम प्रथम आपल्याकडेच निघाला असेही नाही. पॅरिसचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी १८८३ साली प्रत्येक घरमालकाने कचऱ्यासाठी झाकणाचे डबे ठेवावेत असे फर्मान काढले, त्यात नाशवंत केर, कागद-चिंध्या आणि काच-शिंपले यांची वाटणी होती. तेथील चिंध्या वेचणाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या पोटाचा विचार त्या फर्मानात पुरेसा नव्हता. पुण्याने हा विचार केला. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांनी तिला बळ दिले, आणि तिच्यातूनच निघालेल्या स्वच्छ या सहकारी संस्थेने २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलण्याचे काम अंगावर घेतले. १९७२ च्या दुष्काळाने गावे सोडावी लागलेल्या आणि प्रामुख्याने दलित समाजातल्या बायांची ही संस्था आहे. घरोघर मिळणारे शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, असा तिचा दुहेरी आधार. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असा आग्रह तिने नागरिकांपाशी धरला. यंत्राचा कॅमेरा आणि माणसाचा डोळा दोघांनाही एकाच वेळी सावध करणारी याहून स्वस्त युक्ती मला ठाऊक नाही.

आपल्याजवळचे उदाहरण घ्यायचे तर कोकणातील वेंगुर्ल्याचे घ्यावे. तेथे मुख्याधिकारी असताना रामदास कोकरे यांनी लहानशा नगरपरिषदेत घरापासूनच वर्गीकरण करवून घेतले, आलेल्या सुक्याचे केंद्रावर वीसहून अधिक प्रकार पाडले, आणि कचराभूमीचे जणू उद्यान झाले. पुढे ते कल्याण-डोंबिवलीस उपायुक्त म्हणून आले आणि २०२० साली तेथे शून्य कचरा मोहीम हाती घेतली गेली. आधारवाडीची जुनी कचराभूमी त्यानंतर बंद झाली. वेंगुर्ल्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. तिथे नियमित येणारी गाडी, वेगळा न केलेला कचरा न उचलण्याचा निश्चय आणि त्या निश्चयामागे उभा असलेला अधिकारी एवढे होते. गोव्यात साळगाव येथे २०१६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात यांत्रिक वर्गीकरणाची साधने आहेत, आणि पणजीने त्याच्या कितीतरी आधीपासून रहिवाशांना वर्गीकरणाची सवय लावली होती. जिथे यंत्र फळले, तिथे सवय बहुधा त्याच्या आधी पोचलेली दिसते.

आता आपल्या घरचा मामला. उल्हासनगर ही १९४९ साली फाळणीच्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभी राहिलेली नगरी. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. बदलापूर २००१ साली लाखाच्या आत होते, ते २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात गेले. त्या जनगणनेप्रमाणे तिन्ही मिळून सव्वानऊ लाखांवर वस्ती, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या ते आपण पाहतोच आहोत. या तिन्ही शहरांच्या कचऱ्यासाठी बदलापुरात वालिवली येथे एकत्रित प्रकल्पाची योजना पुढे आली आहे. वालिवलीच्या रहिवाशांना दुसऱ्यांच्या कचऱ्याचे भय वाटावे हे स्वाभाविक आहे. ते भय दूर करण्याचा एकच मार्ग, म्हणजे तिथे जाणारा माल कुजका नसून सुका आणि वेगळा केलेला असणे.

म्हणून तेथे उद्या स्वयंचलित यंत्राची तजवीज होणार असेल, तर निविदेच्या मसुद्यात काही कलमे असावीत, अशी मागणी आपण आजच नगरपरिषदेकडे लेखी करावी. यंत्र केवळ सुक्या कचऱ्यासाठी असावे आणि कालवलेली गाडी फाटकावरून परत पाठवण्याचा अधिकार केंद्राला असावा. अशी प्रत्येक परत गेलेली गाडी कोणत्या प्रभागातली, हे त्या प्रभागाच्या फलकावर लागावे. ओल्याचे खत किंवा वायू शक्यतो त्याच शहरात, मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातच व्हावा. यंत्राची विद्युतसामग्री पूररेषेच्या वर, उंच जोत्यावर बसवावी, नाहीतर एका पावसाळ्यात ती स्वतःच भंगारात जमा होईल. पट्ट्यावर देखरेख करणारे, यंत्राची चूक दुरुस्त करणारे आणि त्याला नव्या वस्तू ओळखायला शिकवणारे कामगार आज या तीन शहरांत कचरा वेचणाऱ्यांतून, त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत, रीतसर वेतनावर घेतले जावेत. आणि मक्तेदाराचा मोबदला वाहून नेलेल्या वजनावर न ठरवता, विकला गेलेला माल आणि कचराभूमीवर जाऊ न दिलेला भाग यांवर ठरवावा. हे शेवटचे कलम मान्य करून घेणे सर्वांत कठीण जाईल. पण ते मान्य झाले, तर दर महिन्याला कोणत्या जातीचा किती माल कुणाला व कोणत्या दराने विकला, याचा हिशेब नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लावण्याची सक्ती त्याच कलमाखाली करता येईल, आणि तो वाचून जाब विचारायला हेंद्रेपाड्यातील कोणत्याही नागरिकाला वकील लागणार नाही.